मागच्या वर्षाचं कॅलेंडर

१

एकत्र राहिल्याचा पुरावा मागणारं पत्र आलं, त्या दिवसापासून तिने बाथरूममधल्या पेल्यात दोन ब्रश ठेवायला सुरुवात केली. एक तिचा, पिवळा. दुसरा निळा. रोज सकाळी कामावर निघण्याआधी ती निळा ब्रश नळाखाली धरून ओला करायची.

"कोरडा ब्रश फोटोत लगेच कळतो गं," अर्जवाल्या मावशींनी बजावलं होतं. मावशी म्हणजे सरकारी कचेरीबाहेर कॉम्प्युटर आणि प्रिंटर मांडून बसणारी बाई. परदेशी जाणाऱ्यांची निम्मी गर्दी तिच्या टेबलावरून पुढे जायची. "खऱ्याला दोन पाय असले तरी चालतात. खोट्याला चार लावावे लागतात, तेव्हा कुठे ते उभं राहतं."

"पण मावशी, आमचं लग्न खोटं नाही."

"लग्नाचं कोण विचारतंय? संसार दाखव, संसार."

अडचण तिथेच होती. लग्न मागच्या वर्षीच्या जानेवारीत झालं, आणि तेव्हा नवरा सहा तासांवरच्या एका धरणाच्या कामावर वेल्डर होता. राहायचा तिथल्या पत्र्याच्या खोलीत. महिन्यातून दोन दिवस घरी यायचा. डिसेंबरमध्ये त्याला परदेशातली कायमची नोकरी लागली आणि तो गेला. आता सात महिन्यांनी तिला त्याची बायको म्हणून तिकडे जायचं होतं, आणि तिकडचं सरकार विचारत होतं, मागचं वर्षभर एका छपराखाली राहिलात, त्याचा पुरावा काय?

दोन खोल्यांच्या त्या घरात त्याचा पुरावा म्हणजे फक्त तिचं मन. ती मुळातच पटकन दचकणारी. बेल वाजली तरी हातातला कप सांडायचा. नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात हे हेरलं आणि तेव्हापासून कुठल्याही खोलीत शिरण्याआधी तो तीनदा हलकं खोकायचा. फोनवरसुद्धा आधी तीन खोकले आणि मग, "दचकूबाई, मीच आहे." मुंगी चिरडली तरी हळहळणारा माणूस. पण खोकल्याची पावती कुठे मिळते?

२

"मागच्या वर्षाचं कॅलेंडर आहे का भिंतीवरचं?" मावशींनी विचारलं.

होतं. गॅस, दूध, लाइटबिल, असं सगळं तिने चौकटीत लिहिलेलं.

"मग सोनं आहे ते! दाखल्यावर साहेब लोकांचा विश्वास नसतो, कॅलेंडरवर असतो. त्यात त्याला बसव. वेगवेगळ्या पेनांनी लिही. 'ह्याचा दात दुखतोय.' 'ह्याचे केस कापले.' आणि दोन-चार भांडणं घाल. न भांडणारं जोडपं बघितलं की साहेबाला शंका येते."

जुन्या बाजारातून तिने दोन वापरलेले शर्ट आणले आणि काळे बूट. नवऱ्याचा पाय सातचा. सातमध्ये झिजलेले मिळेनात, म्हणून नऊचे घेतले. फोटोत माप कोण बघतंय! टाचा एका बाजूने पार झिजल्या होत्या, चामड्यावर वाकलेल्या पायाच्या खोल घड्या होत्या. तिने ते दाराशी लावून ठेवले.

मग ती कॅलेंडर घेऊन बसली. दात, केस, सर्दी हे भराभर झालं. भांडणापाशी पेन अडलं. भांडायचं कसं, हेच तिला ठाऊक नव्हतं. माहेरी आवाज चढला की ती मोरीत जाऊन बसायची, आणि नवरा तर असा. तरी तिला भांडणं रोज दिसायची. ती एक्स-रे सेंटरच्या खिडकीवर बसून रिपोर्ट पाकिटात घालून द्यायची. खिडकीपाशी बायका यायच्या. "काय झालं?" या रकान्यात सगळ्या एकच उत्तर द्यायच्या. बाथरूममध्ये पडले. "या गावातल्या बाथरुमांना बायकांचा एवढा राग का?" असं एक्स-रेवाले दादा म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे नाहीत.

ती अभ्यास नीट करणारी मुलगी. तिने त्या बायका आठवल्या आणि एकेक करून चौकटीत बसवल्या. मार्चच्या चौदा तारखेला: *ताट फेकलं.* जूनच्या दोनला: *स्वयंपाकघराच्या दारावर बुक्की.* ऑगस्टच्या नऊला, करड्या स्कार्फवाल्या त्या बाईची आठवण काढून: *कपाटाशी. बुटाने. डाव्या बरगड्या.* आणि फार वाईट दिसू नये म्हणून प्रत्येक नोंदीखाली तिने समेटही लिहिला: *म्हणाला, यापुढे नाही.*

डिसेंबरमध्ये, त्याच्या जाण्याच्या चार दिवस आधीच्या चौकटीत, तिने एकच शब्द लिहिला होता, *गळा*, तेवढ्यात बेल वाजली. ती अशी दचकली की पेन निसटून पलंगाखाली गेलं. दारात दूधवाला होता. परत येऊन पाहिलं, तर पुढे काय लिहायचं होतं ते आठवेना. चौकट तशीच राहिली.

३

रविवारी सकाळी तिने घराचे फोटो काढले. ब्रश, बूट, दोरीवरचे शर्ट, दोन खुर्च्या. स्वयंपाकघराचा फोटो मोठा करून पाहताना तिला दारावर एक भोक दिसलं.

मुठीएवढं. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. कडेच्या चिपा आत वळलेल्या.

ती उठून दाराजवळ गेली. भोक होतं. मग तिने स्वतःला दटावलं. रोज पाहून पाहून दिसेनासं होतं माणसाला. हे आधी होतंच, आणि हेच मनात असल्यामुळे जूनमध्ये बुक्की सुचली. आधी पाहिलं, मग लिहिलं. तिने बोट फिरवलं. चिपांवर धूळ बसून घट्ट झाली होती, तेलाचा थर होता. जुनंच तर होतं! तिला हायसं वाटलं.

मग आठवलं, जुन्या दाराला वाळवी लागली म्हणून लग्नाच्या आदल्या आठवड्यात तिने स्वतः उभं राहून सुताराकडून हे नवं दार बसवून घेतलं होतं.

त्याच संध्याकाळी ती खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेली. शेजाऱ्याची सही हवी होती. खोटं बोलायची विनंती कशी करावी, हे तिने जिन्यात तीनदा घोकलं.

"काकू, एक काम होतं. म्हणजे... हे मागच्या वर्षी इथेच राहायचे, असं जरा लिहून..."

काकूंनी चष्मा चढवला आणि कागद ओढून घेतला. "त्यात 'जरा' काय? मी काय बहिरी आहे?"

"म्हणजे?"

"वर्षभर डोक्यावर ते बूट ऐकलेत मी, पोरी. घरात बूट घालून फिरतो मेला. ते ताट पडलं तेव्हा आमचे हे वर यायला निघाले होते. मीच अडवलं. म्हटलं, नवराबायकोच्या मध्ये पडू नये." काकूंनी कागदावर पेन टेकवलं. सही वाकडी झाली. "चुकलंच माझं. ऑगस्टमध्ये तर तुझं ओरडणं मध्येच थांबलं, तेव्हा मी गॅस बंद करून नुसती छताकडे बघत बसले होते."

बूट घरात येऊन नऊ दिवस झाले होते.

"आणि आता त्याच्याकडेच चाललीस?" काकूंनी तिची हनुवटी धरली. "विमानात बसून?"

४

पुढच्या शनिवारी तिची अर्धी सुटी होती. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन, समोरच्या गॅलरीत कुणीतरी गादी झोडपत होतं. ती कपाटापाशी उभी राहून त्या जुन्या शर्टाला इस्त्री करत होती.

मागे फरशीवर चामडं करकरलं.

ती थांबली. खोकला येईल म्हणून तिने वाट पाहिली. वेड्यासारखी, खरंच वाट पाहिली. एक, दोन, तीन.

खोकला आला नाही. केस मुळापासून ओढले गेले आणि कपाटाची कड तिच्या तोंडावर आली.

इस्त्री कुठे पडली ते कळलं नाही. जळक्या कापडाचा वास आला. ती खाली कोसळली, तोंडात रक्ताची गरम, लोखंडी चव. पाठीत एक लाथ बसली, मग त्याच जागी दुसरी, घाई न करता मारलेली. जणू खिळा ठोकणाऱ्याने आधी जागा ठरवली होती आणि आता तो नेमकं तिथेच मारत होता. ओरडायला श्वासच राहिला नव्हता. गाल फरशीला चिकटलेला. लाथा थांबल्या, आणि पलंगाच्या खालून पलीकडे तिला ते बूट जाताना दिसले. टाचा उचललेल्या. चामड्यावरच्या त्या खोल घड्या वाकत होत्या, उलगडत होत्या, आत पाय असल्यावर वाकतात तशा. बुटांच्या वर काय होतं ते पलंगाने झाकलं होतं, आणि तिने मान वळवली नाही.

समोरच्या गॅलरीतली गादी झोडपणं थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं.

भान आलं तेव्हा बूट दाराशी जोडीने ठेवलेले होते, तिने ठेवले होते तसेच. रक्तदाब उतरला असणार, तिने मनाशी म्हटलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. चक्कर आली, कपाटावर आपटले, बाकीचं भीतीने उभं केलं. पण उठताना तिची नजर कॅलेंडरवरच्या *कपाटाशी* या शब्दावर गेली, आणि ती तशीच, ओठाला रुमाल दाबून, मावशींच्या टेबलावर जाऊन थडकली.

"ते कागद परत द्या मला."

मावशींनी ओठाकडे पाहिलं आणि नजर प्रिंटरकडे वळवली. "गेले ते परवाच. का गं?"

तिने शपथपत्राची प्रत मागून घेतली. उभ्या उभ्या वाचली. खालून दुसरी ओळ: *सदर पतीपत्नी उपरोक्त पत्त्यावर आजतागायत एकत्र राहत आहेत.*

"आजतागायत? मावशी, तो डिसेंबरमध्ये गेला!"

"अगंबाई. ठरलेला मसुदा आहे तो, सगळ्यांच्या कागदात तोच असतो. राहिला असेल बदलायचा." मावशी पहिल्यांदाच ओशाळल्या. "कोण वाचतंय एवढं?"

"मला ते रद्द करायचंय. सगळंच."

"वेडी आहेस का? शपथेवर खोटं लिहिलं म्हणशील, तर जन्मभराची बंदी. मग नवरा तिकडे आणि तू..." मावशी थबकल्या. "तू इथेच. त्या घरात."

५

व्हिसासाठी छातीचा एक्स-रे लागतो. मान्यताप्राप्त सेंटरच्या यादीत तिचंच सेंटर होतं. मंगळवारी सकाळी ती खिडकीच्या या बाजूला नाही, आत थंड पाटीला छाती लावून उभी राहिली.

"श्वास घे. धर. सोड," दादा म्हणाले. नेहमीचंच. मग पडद्यावरचं चित्र त्यांनी दोनदा मोठं करून पाहिलं.

"दादा? फुप्फुसात काही आहे का?"

"फुप्फुस स्वच्छ आहे." त्यांनी खुर्ची तिच्यासाठी ओढली. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला अहो-जाहो केलं नव्हतं. आज आवाजच वेगळा होता, त्या बायकांशी बोलताना काढायचे तसा, मऊ. "इकडे बघा. डावीकडे सातवी, आठवी, नववी. मोडल्या होत्या. सांधल्यात आपोआप, वाकड्या. हा हाडाचा गोळा दिसतोय ना? हे काल-परवाचं नाही. वर्ष होत आलं असेल."

तिने ते हाड ओळखलं. करड्या स्कार्फवाल्या बाईचा रिपोर्ट तिने स्वतः पाकिटात घातला होता. सातवी, आठवी, नववी.

मागच्या ऑगस्टमध्ये ती एक दिवस आजारी नव्हती. रोज याच खिडकीत बसली होती. की नव्हती? नऊ तारखेला ती काय करत होती? तिने आठवून पाहिलं, आणि आठवणीच्या जागी एक कपाट आलं आणि त्याची कड.

"कसं झालं?" दादांनी विचारलं. रकाना भरायचा होता.

तिने खरं सांगायला तोंड उघडलं.

"बाथरूममध्ये पडले," ती म्हणाली.

६

मुलाखतीच्या दिवसापर्यंत ती घरात झोपली नाही. काकूंच्या पडवीत अंग टाकलं. वरून करकर ऐकू यायची, खिडकीपासून दारापर्यंत आणि परत. काकू काही विचारत नसत, फक्त रेडिओ मोठा करत.

तिने ठरवलं होतं. सगळं कबूल करायचं. बंदी तर बंदी. कागद खोटा ठरला, तर कागदावरचाही खोटा ठरेल. नवरा वाट पाहील, दुसरा काहीतरी मार्ग काढेल. मुंगीसाठी हळहळणारा माणूस बायकोसाठी का थांबणार नाही?

काचेपलीकडे अधिकारीबाई होत्या. केस पांढरे, चेहरा थकलेला, पण दुष्ट नव्हता. पुढ्यात फोटो, काकूंचं पत्र, वैद्यकीय अहवाल आणि कॅलेंडरच्या झेरॉक्स.

"इथे आजतागायत लिहिलंय. नवरा तर तिकडे आहे."

"मॅडम, ते चूक आहे."

"मसुद्याची चूक. रोज बघते मी." त्यांनी पेनाने रेघ मारली.

"तेवढंच नाही. सगळंच खोटं आहे. तो इथे राहतच नव्हता. ते मी लिहिलंय, सगळं, एका आठवड्यात. बूट जुन्या बाजारातले आहेत. त्याने माझ्यावर कधी आवाजही चढवलेला नाही. तो माणूस..." तिने काचेला हात टेकला. "तो माणूस खोकून आत येतो, मॅडम."

अधिकारीबाईंनी चष्मा काढला. तिच्या ओठावरची खपली नीट पाहिली.

"बरगड्याही तुम्हीच लिहिल्यात का?"

"हो," ती म्हणाली.

"दर आठवड्याला एक बाई या खुर्चीत बसते आणि मला सांगते, तो तसा नाही. कुणी भावावर घेते, कुणी जिन्यावर. स्वतः लिहिलं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." त्यांचा आवाज खाली आला. "मला इथे एकच गोष्ट ठरवायचीय. हा संसार झाला की नाही. आणि तो झालाय, बाई. इतका चोख पुरावा माझ्या पाहण्यात नाही."

त्यांनी काचेखालून एक छोटं कार्ड सरकवलं. त्यावर तिकडचा एक फोन नंबर होता. "पोचल्यावर जवळ ठेवा. लपवून ठेवा."

मग शिक्का मारला. शिक्क्याच्या आवाजाने ती दचकली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

७

दुपारी सामान घ्यायला तिला वर जावंच लागलं. तिने दार सताड उघडं ठेवलं. पिशवीत उशी आणि पासपोर्ट टाकला, कपडे बॅगेत कोंबले. घर शांत होतं. पेल्यातला निळा ब्रश ओला होता. तिने आठ दिवसांत तो भिजवला नव्हता.

दोन खोल्यांच्या मधल्या दाराकडे पाठ न करता तिने नवऱ्याला फोन लावला. त्याचा आवाज कानात घेऊनच बाहेर पडायचं होतं. रिंग गेली. उचलला. ती तीन खोकल्यांसाठी थांबली.

"ए. झालं का?" तो म्हणाला.

"झालं. मिळाला." तिला रडू फुटलं. "अरे, मला फार भीती वाटतेय. मी काहीतरी करून बसलेय. तू आधी खोक ना. नेहमीसारखा."

"खोकू कशाला? बरा आहे मी." मग त्याचा आवाज भरून आला, तोच ओळखीचा आवाज. "ऐक, तू ये. मी इथे एकटा बसून खूप विचार केलाय. ऑगस्टमध्ये तुला कपाटाशी... बुटाने मारायला नको होतं. तो कट्ट असा आवाज अजून येतो कानात. यापुढे नाही."

"तू तेव्हा धरणावर होतास." तिचे ओठ हलले. "तू इथे नव्हतास रे. आठव ना."

"कुठलं धरण?"

खाली काकूंनी रेडिओ मोठा केला.

"आणि माझे काळे बूट तिथेच राहिलेत, ते आण," तो म्हणाला. "इथे गारठा फार आहे. आणि डिसेंबरातलं ते... बेल वाजली बघ मध्येच, दूधवाला आला. तेवढं आपलं अर्धं राहिलं."

तिने दाराशी पाहिलं. बुटांची जागा रिकामी होती.

मधल्या दाराच्या फटीतून दुसऱ्या खुर्चीचा एक पाय दिसत होता, आणि खुर्चीवर बसलेल्या कुणाचे तरी दोन गुडघे. जुन्या बाजारातल्या शर्टाची बाही खाली वाकलेली होती, तिच्यावर इस्त्रीचा तपकिरी डाग. घाई नसलेले हात बुटांच्या नाड्या बांधत होते. एक गाठ, मग तिच्यावर दुसरी, लांबच्या प्रवासाला निघताना माणूस बांधतो तशी.